शेपटीखाली बघायचं राहिलं

मी होणाऱ्या सासऱ्यांचा गोठा जाळला. साल १९७८, महिना मे, वेळ सकाळी अकरा पंचवीस. गाय बाहेर होती. वासरू बाहेर होतं. आत फक्त मी होतो.

गोठा जाळायचा माझा विचार नव्हता. मी गोचिड्या मारत होतो. त्या मेल्या. एवढ्या एका मुद्द्यावर आजही मला घरात स्वतःची बाजू मांडता येते, फक्त ती कोणी ऐकून घेत नाही.

हे नीट कळायला पाच वर्षं मागे आणि बरंच उत्तरेला जावं लागेल.

१९७३ साली मी लष्कराच्या एका खेचर कंपनीत लान्स नाईक होतो. माझं काम ड्रेसरचं. म्हणजे जनावरांच्या जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, औषध पाजणं, ताप बघणं. विरारला सुट्टीवर आलो की आमच्या मनवेलपाड्यातली मंडळी विचारायची, "कुठली बंदूक चालवतोस?" मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "सांगायची परवानगी नाही." लोकांना ते फार आवडायचं. खरी गोष्ट अशी, की माझं हत्यार थर्मामीटर होतं आणि खेचराला तो जिथे लावतात ती जागा चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

खेचर म्हणजे घोडी आणि गाढव यांचं लेकरू. अंगात ताकद आईची, डोक्यात मत बापाचं. डोंगरात जिथे ट्रक जात नाही तिथे पीठ, रॉकेल, दारूगोळा आणि टपाल त्यांच्याच पाठीवरून जायचं. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला. नावं आम्ही ठेवायचो, नंबर सरकार ठेवायचं.

दिनक्रम ठरलेला होता. ०५:३० ला पाणी. ०६:०० ला खरारा. ०६:३० ला ट्रीटमेंट परेड. परेडला मी वही घेऊन रांगेने जायचं, प्रत्येक खेचराचा ताप घ्यायचा आणि गोचिड्या शोधायच्या. कानाच्या आत, आयाळीत, काखेत, मांड्यांच्या मध्ये आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेपटीखाली. मग वहीत नंबरापुढे लिहायचं, 'ठीक' किंवा 'ठीक नाही'.

ज्यांना गोचीड फक्त शिवीपुरती माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उपाशी गोचीड तिळाएवढी असते, जेवलेली एरंडाच्या बीएवढी. पाठ टणक. एकदा तोंड रुतवलं की आठ-आठ दिवस जागची हलत नाही. पोट भरलं की आपणहून खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. रक्त पिते ते सोसता येतं, पण एका जनावराचा ताप दुसऱ्याला नेऊन पोचवते. माणसालाही सोडत नाही.

माणसाचं उदाहरण आमचे सुभेदार साहेब. हरियाणाकडचे, सहा फूट, आवाज लाउडस्पीकरसारखा. एकदा त्यांच्या कमरेला गोचीड लागली. त्यांनी मला बोलावून बनियन वर केलं आणि म्हणाले, "निकाल."

मी पेटती बिडी टेकवली. गावाकडे तसंच करताना पाहिलं होतं. गोचीड सुटली. साहेब बिडीच्या चटक्याने उडाले, पण शाबासकी दिली. आठव्या दिवशी ते तापाने फणफणले. अंगभर पुरळ आलं, अगदी तळहात-तळपायांवरही. त्यांना खाली हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टर साहेबांनी मला उभं केलं.

"गोचीड कशी काढलीस?"

"भाजून, सर."

"भाजली की ती पोटातलं सगळं माणसाच्या अंगात ओकते. चिमट्याने कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची. चिरडायची नाही, पिळायची नाही. आणि भाजायची तर नाहीच नाही. समजलं?"

"समजलं, सर."

तेव्हा समजलं होतं.

आता बिजलीकडे येतो. खूर नंबर २१८. काळी, कपाळावर पांढरा टिक्का, तांड्यात नेहमी पहिली. पुलावर ती पाय ठेवायची तेव्हाच मागची खेचरं पुढे सरकायची. सगळ्या कंपनीची लाडकी होती आणि तिला सगळी कंपनी चालायची, एक मी सोडून. तिने मला तीन वेळा लाथ मारली. पहिली मांडीवर. दुसरी माझ्या हातातल्या बादलीवर. तिसरी वहीवर, तीही मी वही छातीशी धरलेली असताना.

तिसऱ्या लाथेनंतर मी तिच्या मागे जाणं सोडलं. त्या सुमारास आम्ही वीस खेचरं घेऊन तळापासून दूर एका पुढच्या ठाण्यावर होतो. तीन सकाळी मी बिजलीला फक्त समोरून पाहिलं. समोरून ती ठीक दिसत होती. मी वहीत लिहिलं, '२१८, ठीक'. दुसऱ्या दिवशी, 'ठीक'. तिसऱ्या दिवशी, 'ठीक'. तापाचा आकडा आदल्या दिवशीचाच उतरवून काढला.

चौथ्या दिवशी तिने दाणा खाल्ला नाही. ताप एकशे पाच. लघवी पाहिली. वायरलेसवर गेलो. पलीकडे आमचे जनावरांचे डॉक्टर, कॅप्टन साहेब स्वतः आले.

"पेशाब का रंग? ओव्हर."

"कॉफी जैसा, सर. ओव्हर."

"दूध वाली या काली? ओव्हर."

ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "काली, सर. ओव्हर."

"मसूड़े? ओव्हर."

हिरड्या मी पाहून आलो होतो. "पीले. ओव्हर."

"पूँछ के नीचे देखो. ओव्हर."

मी धावत गेलो आणि शेपटी उचलली. तिने लाथ मारली नाही. ती किती आजारी आहे हे मला तेव्हा कळलं. शेपटीखाली करवंदांचे घोस लटकावे तशा गोचिड्या होत्या. परत सेटवर आलो.

"हैं, सर. ओव्हर."

"कितने दिन से? ओव्हर."

मी बटण दाबून धरलं. पलीकडे बहुधा नुसती खरखर ऐकू गेली असेल.

औषध तळावरून लगेच निघालं. दुसऱ्या सकाळी ०९:४० ला पोचलं. बिजली ०५:१० ला गेली होती.

सुभेदार साहेब तोवर बरे होऊन परतले होते. त्यांनी खड्ड्याजवळ टोपी काढली. मग वही मागितली, चाळली.

"तीन बार ठीक?"

"जी, साहब."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे सात दिवस त्यांनी मला परेडवर प्रत्येक खेचराची शेपटी उचलून मोठ्याने गोचिड्या मोजायला लावल्या. सगळं ठाणं चहा पीत ऐकायचं. "नंबर दो सौ बारह, चार गोचीड, साहब!" असं पहाडात घुमायचं. मी मनाशी पक्कं केलं, शेपटीखाली पाहिल्याशिवाय यापुढे कोणालाही ठीक म्हणायचं नाही.

पाच वर्षांनी ते विसरलो. त्याला कारण एक पांढरी पँट.

१९७८ च्या मे महिन्यात मी नाईक झालो होतो आणि दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो होतो. माझ्या मामांनी विरारजवळच्या गास गावच्या शिवारातलं स्थळ आणलं होतं. मुलीचे वडील नारायणकाका. पानवेल आणि केळीची बाग, बागेच्या कडेला बावखल. आमच्याकडे बागेतल्या तळ्याला बावखल म्हणतात, सगळी बाग त्याच पाण्यावर. काका एका वेळी चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नसत. मुलगी हीरा, एसएससी झालेली.

आम्ही दुपारी चारला पोचलो. मी पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट, दोन्हीला कडक स्टार्च. मिशा दोन्ही बाजूंना पिळलेल्या. ओसरीवर शेजारचा बस्त्यावही येऊन बसला होता. तो बागांमधले डिझेल पंप दुरुस्त करायचा. बोलावलं नव्हतं, पण नवरा मुलगा बघायचा त्याला हक्क होता, असं त्याचं म्हणणं.

नारायणकाका म्हणाले, "गाय दोन दिस उपाशी." मग दम घेऊन, "बघता काय जरा?"

मामा छाती काढून म्हणाले, "बघतो म्हणजे काय! मिल्ट्रीतला जनावरांचा डॉक्टर आहे तो!"

मी डॉक्टर नव्हतो. पण मामांना वडीलधाऱ्या माणसांसमोर खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. मी उठलो.

गोठा बागेच्या टोकाला. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचं, झापांचं छप्पर. आत मोगरी. काळीपांढरी संकरित गाय, तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली, शेजारी पाडी. त्या वेळी अशा गाया आमच्याकडे नवीन होत्या. दूध गावठी गाईच्या तिप्पट, पण गावठी गाय जो ताप अंगावर काढते त्याने ही आडवी होते. हे मला माहीत होतं. जमिनीवर ओलं शेण होतं, हेही दिसत होतं. मी उंबऱ्यावरच उभा राहिलो आणि मोगरीला समोरून पाहिलं. नाक कोरडं, मान खाली.

परत येऊन जाहीर केलं, "ऊन लागलंय. गुळाचं पाणी पाजा. ठीक होईल."

'ठीक' हा शब्द तोंडातून गेला तेव्हा आत कुठेतरी काहीतरी खटकलं. पण तेवढ्यात चहा आला.

हीरा ट्रे घेऊन आली. चहा आणि बशीत सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी. पद्धत अशी, की मुलीने खाली बघायचं आणि विचारलं तरच बोलायचं. हिने ट्रे ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "दोन दिवस तिची लघवी लाल होतेय. उन्हाने लाल होते का?"

मामांना ठसका लागला. आणि माझ्या तोंडून, पाच वर्षांपूर्वीच्या सवयीने, नीट विचार न करता निघून गेलं, "दूध घातलेल्या चहासारखी, की कोऱ्या चहासारखी?"

हीराने माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. "कोऱ्या. गुळाच्या."

बस्त्यावने आपला कप खाली ठेवला. तो त्याने नंतर उचलला नाही.

मी गोठ्याकडे धावलो. या खेपेला आत गेलो, शेणात गेलो, मागे गेलो, शेपटी उचलली. शेपटीखाली, कासेवर, मांड्यांच्या मध्ये तेच करवंदांचे घोस. ओठ उलटून पाहिला, हिरड्या पांढऱ्याफटक. कान विस्तवासारखा. मोगरीने लाथ मारली नाही.

तिने लाथ मारावी असं मला फार वाटत होतं.

मागे हीरा उभी होती. "वाचेल?"

"ऊन लागलेलं नाही," मी म्हटलं. "गोचिडीचा ताप आहे. मी चुकलो. इंजेक्शन आजच्या आज मिळालं पाहिजे."

"मग इथे उभे का?" ती म्हणाली.

बस्त्यावने सायकल काढली. तो चालवत होता, मी मागे बसलो होतो, पांढऱ्या पँटीवर शेण वाळत होतं. वाटेत त्याने मला एक माहिती दिली.

"मिल्ट्री, तुला ठाऊक हाय काय? मोगरीची आई ती जन्मली तेव्हाच मेली. हीराने बाटलीने दूध पाजून वाढवली तिला. दोन स्थळं परतवून लावली तिने."

"का?"

"म्हनते, जिथे मी जाईन तिथे मोगरी येईल. कोनी तयार होत नाय." मग थोडं पॅडल मारून म्हणाला, "आता तुझं काय ते तूच बघ."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर कुलूप लावत होते. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि रिपोर्ट दिला. "संकरित गाय. व्यायला तीन आठवडे. दोन दिवस खाणं बंद. ताप. लघवी काळ्या चहासारखी. हिरड्या फिक्या. गोचिड्या भरपूर, शेपटीखाली आणि कासेवर."

डॉक्टरांनी माझ्या पँटीकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

मामा बरोबर नव्हते. मी खरं सांगितलं. "खेचरांचा ड्रेसर."

त्यांनी कुलूप उघडलं, बॅग घेतली, स्कूटर काढली. मोगरीच्या कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त त्यांनी काचेवर पसरून बरोबर ठेवलं. छातीला फीत लावून वजनाचा अंदाज घेतला आणि १८:३५ ला पिवळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. जाताना म्हणाले, "सकाळ काढली तर वाचली."

मी विरारला परत गेलो. पण दुसऱ्या सकाळी पाच दहा वाजले तेव्हा मी नारायणकाकांच्या गोठ्याच्या दारात होतो. पाच दहाच का, ते मी कोणाला सांगितलं नाही.

मोगरी उभी होती. कान हलवत होती. तिच्या मानेशी हीरा बसली होती, रात्रीच्याच साडीत. उजाडलं तसा मी आत शिरलो, मागे गेलो आणि शेपटीला हात लावला.

०५:२५ ला मोगरीने मला लाथ मारली.

मी भिंतीला आपटलो. आयुष्यात लाथा पुष्कळ खाल्ल्या आहेत, पण इतकी चांगली दुसरी नाही. मी खाली बसून हसत होतो. हीराने विचारलं, "लागलं का?" मी म्हटलं, "भरपूर." तीही हसली. ते हसणं मला दिसलं आणि नेमकं तिथेच माझं डोकं बिघडलं.

तिसऱ्या दिवशी लघवी साफ झाली. डॉक्टर पुन्हा आले, मोगरीला बघून खूश झाले. म्हणाले, "अंगावरच्या गोचिड्या चिमट्याने काढा आणि रॉकेलच्या डब्यात टाका. पण खऱ्या त्या भिंतीत आहेत. भेगा लिंपून घ्या, वर चुना मारा. दर पंधरा दिवसांनी." हे त्यांनी दोनदा सांगितलं. हीराने ऐकलं, काकांनी ऐकलं, बस्त्यावनेही ऐकलं.

मीही ऐकलं. पण चुना मारणं हे काम कोणीही करू शकतं. मला हीरासमोर मिल्ट्रीची पद्धत दाखवायची होती. आमच्या तबेल्यात वर्षातून दोनदा ब्लोलॅम्प, म्हणजे जोराची ज्योत फेकणारा रॉकेलचा दिवा, भिंतीच्या प्रत्येक भेगेवरून फिरवायचे. गोचिड्या, अंडी, सगळं साफ. पंप दुरुस्तीसाठी बस्त्यावकडे ब्लोलॅम्प होताच.

रविवारी मी ऑपरेशन आखलं. वेळापत्रक कागदावर लिहून काकांना दिलं. त्यांनी ते गोठ्याच्या कोपऱ्यातल्या पानांच्या करंड्यावर ठेवून दिलं. १०:४५ ला गाय आणि पाडी फणसाखाली बांधली. हा हुकूम मीच दिला, याची नोंद कृपया सर्वांनी घ्यावी. ११:०० ला ब्लोलॅम्प भरला. ११:२० ला पहिली भेग घेतली.

गोचिड्या फटफट फुटायला लागल्या. दाराशी हीरा होती. मी मागे न बघता म्हटलं, "ऐकू येतंय ना? याला म्हणतात काम."

आता एक तपशील. आमच्या तबेल्याच्या भिंती दगडाच्या होत्या आणि छप्पर पत्र्याचं. हा गोठा कुडाचा, शेणाने सारवलेला, मे महिन्यात करकरीत वाळलेला, आणि छप्पर झापांचं. हा फरक कोणाही माणसाच्या लक्षात आला असता. मी भेगा बघत होतो.

बस्त्याव म्हणाला, "मिल्ट्री, वरती बघ जरा."

"वर नंतर. आधी खालची लाइन संपू दे."

"खालची राहू दे. वरती बघ."

"ऑपरेशन चालू असताना मध्ये बोलायचं नाही, बस्त्याव."

"बरं," बस्त्याव म्हणाला आणि बाहेर गेला. बाहेरून ओरडला, "छप्पर पेटलंय, साहेब! आता बोललो तर चालेल काय?"

मी वर पाहिलं. ११:२५.

कसा बाहेर आलो ते आठवत नाही. नारायणकाकांना मी पहिल्यांदाच चारपेक्षा जास्त शब्द बोलताना ऐकलं. "पानी! पानी आना! वेली भिजवा आधी, वेली!" पानवेल गोठ्यापासून वीस पावलांवर होती. ती गेली असती तर काकांची दहा वर्षांची मेहनत गेली असती. बावखलापासून गोठ्यापर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या, घागरी, चर्चमधून परतणाऱ्या बायकांनी आणलेली पातेली. रांगेच्या तोंडाशी हीरा. "तुम्ही वेलीकडे! तुम्ही छपराकडे! आणि तुम्ही..." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कशालाही हात लावू नका!"

असा आवाज मी एकाच माणसाचा ऐकला होता, सुभेदार साहेबांचा. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

१२:१० ला आग विझली. वेली वाचल्या. मोगरी फणसाखाली रवंथ करत हे सगळं बघत होती. नुकसान: छप्पर पूर्ण, भिंती दोन, पानांचे करंडे, त्यावर ठेवलेलं माझं वेळापत्रक, माझ्या दोन्ही भुवया आणि डावी मिशी.

ऑपरेशन बघायला आलेल्या मामांनी चपला कधी घातल्या आणि ते कधी गेले, कोणालाच कळलं नाही.

नारायणकाकांनी राखेतून एक फेरी मारली. मी समोर उभा. ते म्हणाले, "गोचिड्या मेल्या?"

"मेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी मान हलवली. घराकडे निघाले, मग थांबले. "गोठा बांधून द्या. मग बघू."

सुट्टीचा उरलेला बहुतेक काळ मी गोठा बांधला. कंबरेपर्यंत दगड, वर विटा, चुन्याचा गुळगुळीत गिलावा, कौलं. बस्त्याव मदतीला. रोज साडेसहाला हीरा पाहणीला यायची. भिंतीवरून बोट फिरवायची.

"इथे भेग आहे."

"केसाएवढी आहे ती."

"गोचीड केसाएवढीच असते जन्मताना. परत करा."

मी परत करायचो. त्या भिंतीत आजही टाचणी शिरत नाही. गोठा पुरा झाला त्या संध्याकाळी तिने चहा आणला. या वेळी नुसता ट्रे ठेवून ती गेली नाही, समोर बसली. म्हणाली, "मोगरी बरोबर येणार, माहीत आहे ना?" मी म्हटलं, "बस्त्यावने सांगितलंय." ती म्हणाली, "आणि तिच्या गोठ्यात तुम्ही ब्लोलॅम्प आणायचा नाही." मी म्हटलं, "लिहून देतो."

सुट्टी संपायच्या आधी सहा दिवस लग्न झालं. फोटोत माझ्या भुवया आणि डावी मिशी काजळाची आहे. उजवी खरी आहे. फोटोग्राफरने बारीक नजरेने दोन्ही बाजू जुळवल्या होत्या, पण हळद उतरताना डावी वितळली, आणि नेमका तो वितळलेल्या मिशीचा फोटो सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

मी पुढे आणखी बरीच वर्षं नोकरी केली, हवालदार होऊन घरी आलो. मोगरी म्हातारी होऊन गेली. तिची पाडी मोठी झाली. लग्नानंतर तिचं नाव मी ठेवलं होतं, बिजली. का, ते विचारलं नाही कोणी. काळी होती आणि कपाळावर पांढरा टिक्का होता, म्हणून कोणाला खटकलं नसावं. तिच्या लेकी-नातींना मी रोज सकाळी साडेसहाला कान, काख, कास, शेपूट या क्रमाने बघतो. शेपटीखाली बघितल्याशिवाय 'ठीक' म्हणत नाही. वही आहे. ताप रोजचा रोज लिहितो.

नंबर २१८ ची गोष्ट मात्र मी घरात कधी सांगितली नव्हती. परवा वहीत लिहिताना हीरा शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "गाईला काही झालेलं नसताना रोज काय लिहिता एवढं?"

म्हणून सांगितलं. ठाणं, पूल, ती पुढे निघाली की मागची खेचरं कशी निमूट चालायची. तीन सकाळी लिहिलेलं 'ठीक'. वायरलेसचं दाबून धरलेलं बटण. पाच दहा आणि नऊ चाळीस. सुभेदार साहेबांची टोपी. तिच्या खड्ड्यावर आम्ही दगड रचले होते, नंबर लिहिला होता. दुसऱ्या वर्षी तिथून गेलो तेव्हा दगड होते, नंबर धुऊन गेला होता. मी कोळशाने पुन्हा लिहिला. त्यानंतर त्या वाटेने गेलो नाही.

हीराने सगळं ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी निदान या एका गोष्टीत बायको आपल्या बाजूने आहे.

मग ती म्हणाली, "तिने तुम्हाला तीन लाथांत ओळखलं होतं. मी बघितलं, चहा दिला, गोठा जळताना डोळ्यांनी पाहिला आणि तरी हो म्हटलं. माझ्यापेक्षा अक्कल त्या खेचराला जास्त होती."